गेल्या दशकातला स्का, अमळनेरच्या एका ट्रम्पेटवाल्याच्या कानांनी

मी सव्वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतोय. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, आजोबा ढोल. अमळनेर, धरणगाव, चोपडा, शिरपूर, पार शहाद्यापर्यंत आमच्या सुपाऱ्या असतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पहिला पाऊस पडेपर्यंत आमचं घर म्हणजे कपडे बदलण्याची जागा. हे आधी सांगतो, कारण खाली स्का नावाच्या जमैकाच्या संगीताच्या ज्या रेकॉर्डींबद्दल लिहितोय त्या मी पहाटे दोन वाजता टेम्पोच्या फळीवर बसून ऐकल्यात. सात तास वाजवून ओठ सुजलेले असताना. अशा वेळी दुसऱ्या कुणाचा ट्रम्पेट कानात गेला की तो माणूस दमून फुंकतोय की मनापासून, हे लगेच कळतं.

स्का हा शब्द मी २०२० च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकला. त्या वर्षी सगळी लग्नं रद्द झाली होती, घेतलेला विसार परत करता करता घरातला पैसा संपत आला होता, आणि बाजे पेटीत पडून होते. पुण्यात शिकणारा माझा भाचा तेव्हा आमच्याकडेच अडकला होता. एका संध्याकाळी तो गच्चीवर गिटार वाजवत बसला होता आणि मला वाटलं, याचा ठेका चुकतोय. मी म्हटलं, "अरे, सम कुठे आहे तुझी?" तो म्हणाला, "मामा, चुकत नाहीये. हे असंच असतं. तुम्ही पायाने ठेका धरा, मी हात मधे टाकतो."

मी पायाने धरला. आणि मग मला ते ऐकू आलं.

ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या काळी विहिरीवर ऑइल इंजिन असायचं ते आठवा. ठक्, ठक्, ठक्. दोन ठोक्यांच्या मधे थोडी मोकळी जागा असायची. आपण सगळे ठोक्यावर नाचतो, ठोक्यावर टाळी देतो. स्कामधली गिटार ठोका सोडून देते आणि बरोबर त्या मोकळ्या जागेत पडते. एक-चक, दोन-चक, तीन-चक, चार-चक. तो चकसुद्धा लांबवायचा नाही. डाव्या हाताची बोटं ढिली करून आवाज तिथल्या तिथे तोडायचा. खाली बास गिटार रमतगमत चालते आणि वर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन बोलतात. हा चक जिथे जमतो तिथे माणसाचे खांदे आपोआप उचलले जातात. बाकी स्का कितीही बदलला तरी एवढं बदललेलं नाही.

भाच्याने मग मूळ गोष्ट सांगितली आणि तिथे मी गुंतलो. जमैका देश ६ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला आणि त्या सुमाराला किंग्स्टन शहरात हे संगीत जोरात होतं. त्यातला सगळ्यात मोठा ताफा द स्कॅटलाइट्स. तो १९६४ मध्ये जमला आणि १९६५ मध्ये मोडला. या ताफ्यातले चार फुंकणारे, म्हणजे टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग, एकाच शाळेतून आलेले. अल्फा बॉइज स्कूल, स्थापना १८८०. गरीब, अनाथ, वाया गेली म्हणून आणून सोडलेली पोरं तिथे यायची, ख्रिस्ती जोगिणी त्यांना सांभाळायच्या आणि शाळेच्या बँडमध्ये बाजा शिकवला जायचा. सिस्टर इग्नेशियस नावाची एक जोगीण तर स्वतः रेकॉर्डी जमवून पोरांना ऐकवायची. पितळेचा बाजा हातात आला म्हणून त्या पोरांना पोट भरायचं साधन मिळालं आणि त्यातूनच एका देशाचं संगीत उभं राहिलं. आमच्या घरात बाजा बापाकडून पोराकडे येतो, जोगिणीकडून नाही. पण पितळेला हात लागला की भाकरीची सोय होते, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुढचं थोडक्यात. १९६६ नंतर जमैकात हाच ठेका संथ झाला आणि त्यातून आधी रॉकस्टेडी आणि मग रेगे निघालं. १९७९ मध्ये इंग्लंडच्या कोव्हेंट्री शहरात गोऱ्या-काळ्या पोरांनी मिळून तो पुन्हा जलद केला. नव्वदच्या दशकात अमेरिकेत माइटी माइटी बॉसटोन्स, रील बिग फिश असे ताफे रेडिओवर गाजले. मग लाट ओसरली, आणि ओसरली ती इतकी की स्का म्हणजे शाळकरी पोरांची चेष्टा असं तिकडे लोक म्हणायला लागले. त्यामुळे २०१० ते २०१९ या दहा वर्षांत जे निघालं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. आपल्याकडे तर नव्वदची लाटसुद्धा पोचली नव्हती. मला वाटतं, आपल्यासाठी हे एका परीने बरंच झालं. आपल्या मनात ती चेष्टा नाही, कान कोरे आहेत.

आता रेकॉर्डी.

सगळ्यात आधी टोकियो स्का पॅराडाइस ऑर्केस्ट्रा. जपानचा ताफा, १९८५ पासूनचा. त्यांचा 'पॅराडाइस हॅज नो बॉर्डर' हा २०१७ चा अल्बम मी गेल्या पाच वर्षांत किती वेळा ऐकला असेल त्याचा हिशोब नाही. सूट घालून नऊ जण उभे राहतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, टेनर सॅक्सोफोन आणि बॅरिटोन सॅक्सोफोन, असे चौघे पुढच्या रांगेत. आमच्याकडे फुंकणारे गाडीच्या मागे चालतात आणि पुढे गाणारा माइक धरून असतो. इथे फुंकणारेच पुढे आहेत. अल्बमचं नाव ज्या तुकड्यावरून आहे त्यात गायक नाहीच, सगळं बाजेच बोलतात. जपानातली शाळेची बँडपथकंसुद्धा हा तुकडा वाजवतात. त्यांचे व्हिडिओ मी पाहिलेत आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींचा एकत्र श्वास बघून माझे डोळे भरून आले होते.

यातली एक गोष्ट जवळून सांगतो. बॅरिटोन सॅक्सोफोन हा बाजा आपल्या बँडमध्ये जवळजवळ नसतोच. जड असतो, दम खातो, महाग असतो. त्याची जागा आमच्याकडे युफोनियम घेतं. आमचे युफोनियमवाले आप्पा वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत, आणि आयुष्यभर त्यांनी ट्रम्पेटच्या मागून तीच चाल खालच्या सप्तकात ओढत आणली आहे. टोकियोवाल्यांचा बॅरिटोन तसं करत नाही. वर तिघे चाल संपवून श्वास घेतात, तेवढ्या वेळात तो खालून दोन सूर ढकलतो आणि गाडं पुढे सरकतं. तो श्वास कुठेही मोकळा पडत नाही. मी आप्पांना कानाला इयरफोन लावून हे ऐकवलं, एरंडोलच्या नाक्यावर चहा घेताना. त्यांनी डोळे मिटले. पूर्ण तुकडा संपेपर्यंत चहाला हात लावला नाही, साय धरली. मग म्हणाले, "हाऊ माणूस मांगे नही शे रे. हाऊ त खालून धरी राह्यना." म्हणजे, हा माणूस मागे नाही, हा तर खालून धरून आहे.

मी एवढ्यावर थांबणार नव्हतो. लग्नं पुन्हा सुरू झाल्यावर एका मे महिन्यात, एका वरातीत आम्ही तो उलटा ठेका वाजवायचा प्रयत्न केला आणि तो पार फसला. कारण साधं होतं. आमचा साइड ड्रमवाला गुणी पोरगा आहे, पण मोकळी जागा दिसली की भरायची हे त्याच्या हातात बसलेलं आहे. आम्ही दोन ट्रम्पेट चक टाकायला गेलो की त्याची काडी आमच्या आधी तिथे हजर. तीन मिनिटांत नवरदेवाच्या मित्रांनी नाचणं थांबवलं आणि गाणं बदलायला लावलं. त्यांचं काही चुकलं नाही. ठेका जमत नसेल तर पाय जमिनीवरून उठत नाहीत.

नंतर दोन महिने आम्ही तालीम केली, आणि साइड ड्रमवाल्याला एकच काम दिलं, की दोनवर आणि चारवर मार आणि मधे हात मांडीवर ठेव. त्याला ते फार जड गेलं. हात थांबवायचा म्हणजे त्याला काम न करता पैसे घेतल्यासारखं वाटायचं.

मग श्रावणात आमच्या खानदेशातल्या देवीचं, कानबाईचं विसर्जन होतं, सोमवारी सकाळी, बोरी नदीकडे. आम्ही कानबाईचं नेहमीचंच गाणं घेतलं, चाल तीच, फक्त दोन ट्रम्पेट आणि युफोनियमने मधल्या जागेत चक टाकायचा. ढोल नेहमीसारखा. पहिल्या कडव्याला बायका बिचकल्या. दुसऱ्याला फुगडीची रिंगणं धरली गेली. डोक्यावर पाट घेतलेल्या बाईच्या बाजूला एक आजीबाई होत्या, नऊवारीचा ओचा खोचलेला, त्या टाळी देत होत्या. मी तोंडात बाजा धरून त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्यांची टाळी ठोक्यावर नव्हती, आमच्या चकवर पडत होती. कुणी सांगितलेलं नव्हतं. नदीपर्यंत त्यांची एकही टाळी हलली नाही. त्या दिवसानंतर हे संगीत परकं आहे असं मला कुणी म्हटलं तर मी ते ऐकून घेत नाही.

दुसरी रेकॉर्ड वेस्टर्न स्टँडर्ड टाइम स्का ऑर्केस्ट्राची, २०१२ ची. लॉस एंजेलिसचा ताफा. यांनी स्कॅटलाइट्सचे जुने तुकडे बिग बँडसाठी नव्याने बांधले, म्हणजे एकेका बाजाच्या जागी बाजांची रांग. ज्यांना हार्मनी शिकायची आहे, एकाच वेळी चार ट्रम्पेटांनी वेगवेगळे सूर कसे धरायचे हे कळून घ्यायचं आहे, त्यांनी ही जरूर ऐकावी. आपल्या बँडमध्ये दहा जण एकच सूर फुंकतात. त्यात ताकद आहे, लांबवर ऐकू जातं, भर उन्हात मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत पोचतं. पण दहा जणांत तीन-चार सूर वाटून दिले तर काय होतं, ते इथे ऐकायला मिळतं. माझी तक्रार एकच आहे. हे सगळं फार स्वच्छ आहे. मूळ स्कॅटलाइट्सच्या साठच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणात सगळे एका लहान खोलीत घाम गाळत वाजवताहेत असं वाटतं, डॉन ड्रमंडच्या ट्रॉम्बोनमध्ये एक दुखरा ओढा आहे. इथे तो ओढा कागदावर उतरवून वाजवल्यासारखा येतो. तरी घेण्यासारखी रेकॉर्ड आहे, विशेषतः बँडमास्तरांनी.

द इंटरप्टर्सचा 'फाइट द गुड फाइट', २०१८. तीन भाऊ, त्यातले दोन जुळे, आणि पुढे एमी नावाची गायिका. गाणी लहान, जोरकस, एकदा ऐकली की तोंडात बसणारी. भाच्याला हे सगळ्यात जास्त आवडतं. पण ताफ्यात बाजेच नाहीत, सगळा भार गिटारवर. माझ्यासारख्याला जेवणात भाकरी नसल्यासारखं वाटतं. पोरांना स्काची ओळख करून द्यायची तर मात्र इथून सुरू करा, त्यांना लगेच पटेल.

द स्पेशल्सचा 'एन्कोर' २०१९ च्या फेब्रुवारीत आला. हे कोव्हेंट्रीचे, ज्यांचा पहिला अल्बम १९७९ चा. त्यानंतर चाळीस वर्षांनी हा आला आणि इंग्लंडच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. जुन्यांपैकी टेरी हॉल, लिनव्हल गोल्डिंग आणि होरेस पँटर एवढे तिघेच. मी फार आशेने ऐकायला घेतला आणि पहिल्याच गाण्यावर थबकलो, कारण ते स्का नव्हतंच, नाचायचं फंक होतं. पूर्ण अल्बममध्ये तो उलटा चक मोजकाच आहे. मी दोन दिवस नाराज होतो. मग पुन्हा ऐकलं तेव्हा '१० कमांडमेंट्स' हे गाणं हाती लागलं. सफिया खान नावाची तरुण मुलगी यात गाते म्हणण्यापेक्षा बोलते. २०१७ मध्ये बर्मिंगहॅमच्या रस्त्यात एका संतापलेल्या आंदोलकासमोर ती शांत हसत उभी राहिली, तो फोटो जगभर फिरला होता, तीच ही. जमैकाच्या प्रिन्स बस्टरने साठच्या दशकात बायकांनी कसं वागावं याच्या दहा आज्ञा गाण्यात सांगितल्या होत्या. तिने त्याच ठेक्याच्या घराण्यात उभं राहून त्याला उत्तर दिलं आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासरच्या माणसांना असंच त्यांच्याच चालीत सुनावलेलं असतं. या एका गाण्यासाठी अल्बम ऐका. स्कासाठी ऐकायचा असेल तर त्यांचा १९७९ चा पहिलाच घ्या.

आता दिल्ली. हो, आपल्या दिल्लीचा स्का ताफा आहे आणि हे मला कळायला २०२१ उजाडावं लागलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. द स्का वेंजर्स, २००९ मध्ये सुरू झालेला. पहिला अल्बम २०१२ चा, ताफ्याच्याच नावाचा. पुढे दोघं उभे राहतात. तरु दालमिया, जो स्वतःला दिल्ली सल्तनत म्हणवतो, जमैकाच्या पद्धतीने ठेक्यावर बोलत गातो. आणि बेगम एक्स, म्हणजे समारा चोप्रा, जिच्या गळ्यात जाझची मींड आहे. दोघांचे आवाज इतके वेगळे की एक दगड टाकतो आणि दुसरी पाण्यावर तरंग उठवते असं वाटत राहतं. यांनी तिहार जेलमधल्या कैद्यांबरोबरही संगीताचं काम केलं आहे.

त्यांचं 'फ्रँक ब्राझील' हे गाणं मी गाडीत सगळ्यांना मोठ्या आवाजात ऐकवलं होतं. फ्रँक ब्राझील हे उधमसिंगांनी घेतलेलं नाव. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या मायकेल ओड्वायरला त्यांनी १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये गोळी घातली. आमच्या टेम्पोत बारा माणसं होती, शिरपूरहून परतीची वाट, तापीचा पूल ओलांडलेला. इंग्रजी शब्द कुणाला कळत नव्हते. मी गोष्ट सांगितली आणि गाणं पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी कुणी बोललं नाही. ढोलवाल्याने मांडीवर ठेका धरला होता, आणि चक मोकळा सोडला होता.

तक्रार आहे, ती प्रेमानेच करतो. पहिल्या अल्बममध्ये बाजे मागे राहिलेत. घुमणारा डब आवाज, रॅप, जाझ, सगळ्यांना जागा दिली आहे आणि त्यात फुंकणाऱ्यांच्या वाट्याला कोपरा आला. ज्या देशात प्रत्येक तालुक्याला पाच-पन्नास माणसं पितळी बाज्यावर पोट भरतात, त्या देशातल्या स्का ताफ्याने बाजे छातीसमोर आणायला हवेत. दुसरं, गाणी बहुतेक इंग्रजीत आहेत. हिंदीत वाढवली तर आमच्या टेम्पोत गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही.

कसं ऐकायचं तेही सांगतो, कारण इथेच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. फोनच्या स्पीकरवर स्का लावू नका. बास अजिबात येत नाही आणि बास नसला की तो चक हवेत लटकतो, ठेका चुकल्यासारखाच वाटतो. दीड-दोनशे रुपयांचे साधे इयरफोनसुद्धा चालतील. वर सांगितलेलं सगळं यूट्यूबवर सापडतं. आधी टोकियोवाले, मग स्का वेंजर्स, आणि त्यानंतर मागे जाऊन साठच्या दशकातले स्कॅटलाइट्स. बँडवाल्या मित्रांनी मात्र पायाने ठेका धरून, बाजा हातात घेऊनच ऐकावं. पहिले आठ-दहा दिवस चक चुकतो. जीभ माउथपीसला लावून आवाज तोडायची सवय लागली की बसतो.

आमच्याकडे सध्या सहा ट्रम्पेट, चार युफोनियम, दोन क्लॅरिनेट आणि एक सॅक्सोफोन आहे, आणि हात थांबवायला शिकलेला एक साइड ड्रमवाला. दिल्लीहून निघालेल्या कितीतरी गाड्या जळगाव-भुसावळला थांबतात. स्का वेंजर्समधल्या कुणापर्यंत हे पोचलं तर श्रावणात या. कानबाईच्या रोटाचं जेवण आमच्या घरी, आणि नदीपर्यंत पुढच्या रांगेत तुमची जागा.